ब्लोअरची तार

जानेवारीत आमच्या नोएडात सकाळी पडदा सरकवला की समोरचा टॉवर गायब असतो. लोक त्याला धुकं म्हणतात. कसलं डोंबलाचं धुकं! धूर आहे तो, वर थोडी वाफ. नाकातून काळं निघतं. अशाच एका सकाळी, संक्रांत आठवड्यावर आलेली असताना, माझ्या गाडीचा ब्लोअर मेला.

ज्यांनी आयुष्य मागच्या सीटवर बसून काढलं त्यांच्यासाठी सांगतो. डॅशबोर्डच्या आत, डाव्या बाजूला, एक पंखा असतो. तो फिरला की हीटरची गरम हवा समोरच्या काचेवर येते आणि आतून धरलेली वाफ उडते. तो फिरला नाही तर दोन माणसांच्या नुसत्या श्वासाने काच पांढरी होते आणि तुम्ही अंदाजपंचे गाडी हाकता. आमच्या ऑफिसातला एकजण असाच एका हाताने काचेवर फडकं फिरवत दुभाजकावर चढला होता. तेव्हापासून माझा नियम आहे आणि तो घरात सगळ्यांना पाठ आहे. थंडीत ब्लोअर नाही तर गाडी नाही. मग कोणाचं लग्न असो की मयत.

हा नियम केल्याचा मला त्या आठवड्यात जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा लग्न केल्याचाही कधी झाला नसेल.

कारण संक्रांतीला मला ताईकडे जायचं होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती तिकडे हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजच्या टेकडीच्या उतारावर राहते, म्हणजे आमच्यापासून अख्खी दिल्ली ओलांडून. दर संक्रांतीला मी स्वतः गाडी चालवत तिळगूळ घेऊन जातो. ताई बाल्कनीत उभी राहून वळणाकडे बघत असते. गाडी वळली की शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणते, "आला! नोएडाहून स्वतः चालवत आला!" तिला गुडघ्यांमुळे कुठे जाता येत नाही, वर्षभरात तिच्याकडे मिरवायला हे एवढंच. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याकडेही हल्ली मिरवायला हे एवढंच आहे.

माझ्या मुलाला यातलं काही कळत नाही. तो शेजारच्याच सेक्टरमध्ये राहतो, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि रविवारी बायकोला घेऊन आम्हाला शिकवायला येतो. दिवाळीत त्याने माझ्या फोनमध्ये कॅबचं ॲप टाकून दिलं. मला न विचारता! "बाबा, बिल्कुल सोपं आहे. फक्त टॅप करा." मी म्हटलं, मला काय लकवा झालाय? तर म्हणतो, "बाबा, यार, तसं नाही." बापाला यार म्हणतो. दिल्लीत वाढवलेल्या पोराला मराठी येतं एवढ्यावरच समाधान मानायचं म्हणे. मी नाही मानत.

त्याच्या डोक्यात हे सगळं भरवलं त्याच्या आईने. दिवाळीनंतर आम्ही सरोजिनी नगरहून परत येत होतो. तिथे आमचं जुनं सरकारी क्वार्टर होतं, निवृत्त होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो, आणि अजूनही ही बाई स्वेटर घ्यायला तिथल्याच बाजारात जाते. येताना फ्लायओव्हरखाली एक बाई रस्ता ओलांडत होती. मला दिसली होती. पण हिने अशी किंकाळी फोडली की मी दचकून ब्रेक मारला आणि मागचा रिक्षावाला माझी आई-बहीण काढून गेला. घरी आल्यावर हिने मुलाला फोन करून सांगितलं की आज बाबांनी माणूस मारला असता. मारला असता! तिळाएवढी गोष्ट, आणि पोराने तिचा नारळ केला.

असो. ब्लोअरवर येतो.

माझी सगळी नोकरी सरकारी इमारतींची वीज सांभाळण्यात गेली. पंखा, पंप, लिफ्ट, साहेबांच्या केबिनचा एसी, काहीही बंद पडो, फॉल्ट शोधायला मलाच बोलवायचे. घरी तर प्रश्नच नव्हता. आमच्या क्वार्टरमध्ये मी बाहेरचा इलेक्ट्रिशियन कधी येऊ दिला नाही. मी स्टुलावर चढायचो आणि ही खाली टॉर्च धरून उभी राहायची. शाळेत गणित शिकवून यायची, खोचलेला पदर सोडायला वेळ नाही, मी हातात टॉर्च द्यायचो. "नीट धर! माझ्या तोंडावर नको, तारेवर धर!" आमच्या संसारात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य हेच असावं. मला काम करताना बोलायची सवय आहे. ही काळी तार परतीची, हिच्याशिवाय करंट घरी जात नाही. उघडी तार अशी लोंबत ठेवायची नाही, आधी तिचं तोंड बांधायचं. ही "हं" म्हणायची. मला वाटायचं कंटाळलीय.

तर त्या सकाळी मी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गेलो आणि टॉर्च धरायला हिला घेऊन गेलो. शाल गुंडाळून आली बिचारी. बिचारी! आता हा शब्द लिहितानाही माझी चिडचिड होतेय.

आधी फ्यूज. चिमट्याने काढला. त्याच्यावर आकडा असतो, पण हल्ली हे लोक आकडे इतके बारीक छापतात की मुंगीलाच वाचता यावेत. हिला दिला. "तीस," ती म्हणाली. "आतली पट्टी तुटलीय का?" "नाही. चांगली आहे." उजेडासमोर धरून तिने दोनदा बघितलं, शाळेतल्या पोरांच्या वह्या बघायची तसं. माझे दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत, नजर उत्तम आहे. मागच्या पडद्याचं काहीतरी म्हणत होता तो डोळ्यांचा डॉक्टर, कालचं पोर, पण डॉक्टरांना काहीतरी म्हणावंच लागतं.

मग रिले. म्हणजे ब्लोअरला करंट सोडणारी ती काळी डबी. माझ्या गाडीत हॉर्नचा रिले आणि ब्लोअरचा रिले अगदी एकसारखे आहेत, म्हणून साधी युक्ती: दोन्हींची अदलाबदल करायची. ब्लोअरचा रिले हॉर्नला लावला आणि हॉर्न दाबला. बेसमेंटमध्ये असा घुमला की वरून गार्ड धावत आला. "अंकल, कंप्लेंट आ रही है." मी म्हटलं, आने दो, सर्दी में हाथ मैं जमा रहा हूँ, कंप्लेंट वो रज़ाई में बैठ के कर रहे हैं? आणि आणखी एकदा दाबला, जरा लांब. रिले चांगला होता. हॉर्नच्या रिलेवर ब्लोअर मात्र ढिम्म.

चार स्पीड असतात, चारांवरही ढिम्म. एक-दोनवर बंद आणि चारवर चालू असता तर स्पीड कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळला म्हटलं असतं. तसं नव्हतं. मी डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय बाहेर काढून, अर्धा तास पडून राहिलो. ही दाराशी उकिडवी बसून टॉर्च धरत होती. "जरा डावीकडे." धरला डावीकडे. "खाली." धरला खाली. जिथे म्हणीन तिथे धरला. फक्त जिथे म्हटलं नाही तिथे धरला नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पाठ धरली म्हणून मग मी एक दिवस नाइलाजाने मेकॅनिकला बोलावलं. मार्केटच्या मागे ज्याचं गॅरेज आहे तो. गाडीत बसला, बटण फिरवलं, कानावर हात लावून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मोटर गई, अंकल. पूरी बदलेगी." पाना नाही लावला, स्क्रू नाही खोलला! मी विचारलं, मोटरपर्यंत करंट येतो का ते तपासलंस? तर म्हणतो, "तजुर्बा है." अनुभव म्हणे! वर जाता जाता सल्ला, "अब ड्रायव्हर रख लो अंकल, इस उमर में क्यों..." त्याला मी गेटपर्यंत पोचवलं ते कोणत्या शब्दांत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. परत आलो तर ही लिफ्टपाशी उभी. म्हणाली, "जाऊ दे ना. संक्रांतीला मेट्रोने जाऊ." तिच्या तोंडून ते इतकं सहज आलं की माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मेट्रोने! आणि ताईने बाल्कनीतून काय बघायचं, मेट्रो?

आणि मग रविवारी मुलगा आला.

आता इथे जे झालं त्यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. ब्लोअर बंद पडायच्या आदल्याच दिवशी तो माझी गाडी पोल्युशनचं सर्टिफिकेट काढायला घेऊन गेला होता. धागा सरळ होता. मी त्याला दारातच धरलं. "तिथे कोणाच्या हातात गाडी दिलीस? कोणी काय ओढलं?"

"बाबा, तिथे फक्त धुराड्यात नळी घालतात. आत कोणी बसतच नाही."

"मग तू काहीतरी केलंस."

"मी? बाबा, मला बॉनेट कुठून उघडतं ते पण नाही माहीत!"

हे खरं होतं आणि म्हणूनच जास्त संताप आला. इंजिनियर म्हणवतो! मी बोलत गेलो. म्हटलं, तुला ही गाडी घालवायचीच आहे, दिल्लीत गाड्यांनाही निवृत्तीचं वय असतं पण हिची अजून वर्षं शिल्लक आहेत, तेवढी वाट बघवत नाही तुला. म्हटलं, बापाला घरात कोंडून घालायचं आणि वर ॲप टाकून द्यायचं. सून उठून आत गेली. पोराचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मी तुमच्या गाडीला हात लावला नाही, बाबा. आणि लावला असता ना, तर चांगलंच केलं असतं." आणि न जेवता दोघं निघून गेले.

आणि एवढं सगळं होत असताना ही, त्याची आई, जमिनीवर पेपर पसरून मटार सोलत बसली होती. मटारचा एक दाणा पेपरबाहेर गेला नाही. ते गेल्यावर मात्र म्हणाली, "मुलाला चोर ठरवलंत."

"मग कोणी केलं?"

"गाडी तुमची. तुम्ही शोधा." आणि सालं गोळा करून उठली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ही तीळ भाजायला बसली आणि मी एकटाच खाली गेलो. टॉर्च दातात धरला. सगळ्यात सरळ गोष्ट मी केलीच नव्हती. नोकरीत पोरांना शिकवताना मी हजारदा सांगितलेली गोष्ट: करंट जातो का एवढंच बघू नका, परत येतो का तेही बघा. माझ्याकडे तपासायचा जुना दिवा आहे, सुईचं टोक आणि मागे एवढासा बल्ब. मीटर मी हल्ली वापरत नाही, त्याच्यावरचेही आकडे बारीक. ब्लोअरच्या लाल तारेला सुई लावली, दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला. दिवा भक्कन लागला. म्हणजे करंट येत होता. मग पत्रा सोडून तेच दुसरं टोक मोटरच्या काळ्या तारेला लावलं. अंधार.

मला आनंद झाला! एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा. मेकॅनिक गाढव होता, मोटर धडधाकट होती, करंट परत जात नव्हता एवढंच. काळी तार कुठेतरी तुटली होती. मी ती बोटांनी चाचपत गेलो, डॅशबोर्डच्या कप्प्याच्या मागून, खाली, डावीकडे, जिथे शेजारी बसणाऱ्याचे पाय असतात त्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या झाकणापर्यंत. झाकण ओढलं. मागे पत्र्यात बोल्ट होता, चांगला घट्ट पिळलेला. त्याच्याखाली तार नव्हती.

तार शेजारी होती. वरच्या क्लिपमध्ये व्यवस्थित खोवून ठेवलेली. तिच्या टोकाच्या कडीवर दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा गुंडाळलेला होता आणि त्यावर लाल रबर, दुहेरी करून, शेवटचा वेढा आत सरकवलेला.

मला ते रबर ओळखायला डोळे लागले नाहीत, बोटांनीच ओळखलं. आमच्याकडे पेपरवाला खालून गुंडाळी करून बाल्कनीत फेकतो, त्याला असलं रबर असतं. ते फेकून द्यायचं नाही, स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवून ठेवायचं, आणि साखरेची, रव्याची, डाळीची, घरातली प्रत्येक उघडी पिशवी त्याने बांधायची, दुहेरी, शेवटचा वेढा आत सरकवून. अख्ख्या दिल्ली-एनसीआरमध्ये असं रबर बांधणारं दुसरं माणूस असेल तर दाखवा.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथे पालथा पडून मोठ्याने एक शिवी दिली, चांगली ठसठशीत. काय डोकं चालवलं होतं! फ्यूज काढला असता तर मी पहिल्या मिनिटात पकडलं असतं. तार कापली असती तर गाडीचं नुकसान. हिने बोल्ट सोडवला, तार काढली, बोल्ट हरवू नये म्हणून परत जागच्या जागी घट्ट पिळला, आणि तारेचं तोंड बांधलं, कारण बांधलं नसतं तर एखाद्या खड्ड्यात ती पत्र्याला टेकली असती आणि ब्लोअर आपोआप चालू झाला असता. हे सगळं कोणी शिकवलं तिला? मीच, स्टुलावर उभं राहून!

वर गेलो. लिफ्ट यायला उशीर झाला म्हणून तिलाही शिवी दिली. स्वयंपाकघरात तीळ तडतडत होते. मी तो पिशवीचा तुकडा आणि रबर ओट्यावर आपटलं. रबरासारख्या वस्तूचा आवाज होत नाही, त्याचाही राग आला.

तिने गॅस बारीक केला. बंद नाही केला. "सापडलं?" ती म्हणाली. "मला वाटलं परवापर्यंत नाही सापडणार."

"लाज नाही वाटत?"

"नाही."

"पोराला माझ्यासमोर चोर होऊ दिलंस! मटार सोलत बसलीस!"

"त्याला मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. तुम्हाला सांगायचं नव्हतं."

"तोंड नव्हतं? तोंडाने नाही सांगता येत?"

"तोंडाने?" आता तिचा आवाज चढला. "पावसाळ्यापासून तोंडानेच सांगतेय! डॉक्टरने सांगितलं, मधलं दिसणं गेलंय, गाडी चालवू नका. तुम्ही म्हणालात कालचं पोर आहे. मुलाने सांगितलं तर म्हणालात त्याला गाडी फुंकायची आहे. मी सांगितलं तर म्हणालात तू टॉर्च धर. तुम्ही या जगात कोणाचं ऐकता? स्वतःच्या नियमाचं. मग म्हटलं चलो, नियमच मध्ये घालू."

मी म्हटलं मला उत्तम दिसतं. म्हटलं, त्या फ्लायओव्हरखालची बाई मला दिसली होती आणि तू उगाच बोंब मारलीस.

"दिसली होती ना? मग तिच्या कडेवर काय होतं?"

"काय असणार. पिशवी."

"मूल होतं," ती म्हणाली.

तीळ करपल्याचा वास यायला लागला.

"ब्रेक मारल्यावर तुम्ही मला विचारलंत, काय झालं? आठवतं का? गाडी थांबल्यावर विचारलंत. तोपर्यंत ती पलीकडे पोचली होती."

मला ते आठवत होतं. पण त्या क्षणी मी मान्य करणाऱ्यांतला नव्हतो. मी म्हटलं, "एवढी भीती वाटते तर बसतेस कशाला माझ्या गाडीत? घरी बस ना!"

तिने कढई उतरवली, करपलेले तीळ एका ताटलीत ओतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी घरी बसले तर ओरडणार कोण?"

मी खाली गेलो. दार आपटून गेलो. पाना घेतला, बोल्ट सोडवला, तार तिच्या जागी बसवली आणि पिळला, असा पिळला की आता कोणाच्या बापाला निघू नये. इंजिन सुरू केलं, पाच मिनिटं गरम होऊ दिलं. काच तोवर माझ्याच फुसफुसण्याने पांढरी झाली होती. बटण चारवर नेलं. काय आवाज आला, वा! गरम हवेचा झोत काचेवर बसला आणि वाफ खालून वर सरकत गेली. दोन मिनिटांत काच आरशासारखी लख्ख. मी जिंकलो होतो. उद्या ताईच्या वळणावर गाडी वळणार होती.

माझ्या समोरच्या खांबावर पार्किंगचा नंबर रंगवलेला आहे, पिवळ्यावर काळा, हाताएवढा. माझाच नंबर. मी सहज त्याच्याकडे पाहिलं. पिवळं दिसलं. काळं दिसलं नाही. वाटलं, काच अजून धूसर आहे. बाहीने पुसली. कोरडी होती. चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत लावला. तेच. नजर जरा बाजूला नेली की नंबर कडेला उगवायचा, सरळ बघितलं की पुसला जायचा. चार-पाचदा केलं. नोकरीभर मी हेच केलं होतं, एक एक भाग तपासायचा आणि चांगला निघाला की बाजूला ठेवायचा. काच चांगली होती. चष्मा चांगला होता. ब्लोअर चांगला होता. बाजूला ठेवायला आता काही उरलं नव्हतं.

मला रडू आलं. रागाने आलं असं मी सांगू शकतो, पण तेवढंच नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चपलांचा आवाज आला, डावं दार उघडलं, आणि ही शाल सावरत तिच्या जागेवर येऊन बसली. गरम हवेसमोर हात धरून बसली. जरा वेळाने म्हणाली, "चालू झाला."

"मग? माझ्या हातचं काम आहे."

मी ब्लोअर बंद केला, इंजिन बंद केलं, खाली उतरलो आणि तिच्या बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसलो. "पाय वर घे," म्हटलं. तिने घेतले. मी झाकण काढलं. "टॉर्च धर." तिने धरला. मी बोल्ट सोडवला. एवढा घट्ट पिळला होता की मलाच जोर लावावा लागला. तार काढली. बोल्ट परत लावला. मग हात पुढे केला आणि तेव्हा आठवलं की ती पिशवी आणि रबर तर वर ओट्यावर. पण तिने मूठ उघडली. दोन्ही तिच्या मुठीत होतं.

"नीट धर!" मी ओरडलो. "माझ्या तोंडावर काय धरतेस, तारेवर धर!"

"धरलाय," ती म्हणाली. "तुम्ही नीट बांधा." आणि मी रबर एकेरीच बांधत होतो म्हणून माझ्या हातातून घेऊन तिने ते दुहेरी केलं.

रात्री मुलाला फोन लावला. म्हटलं, मोटर गेलीय, पार्ट मिळत नाहीये, तेव्हा तुझी गाढवाची सुटका. तो म्हणाला, "अच्छा." एवढंच. आईसारखाच आहे मेला. मग म्हणाला, "बाबा, उद्या मी सोडू का?" मी म्हटलं, काही गरज नाही.

संक्रांतीला आम्ही मेट्रोने गेलो. अर्धा रस्ता उभं राहून, कारण मला जागा देणाऱ्या मुलीला मी बस म्हटलं. उतरून ई-रिक्षा केली, आणि तो लेकाचा वळणाने न जाता मागच्या गल्लीतून घुसला. त्यामुळे आम्ही ताईच्या घरात शिरलो तेव्हा ती अजून बाल्कनीत कठड्याला धरून, आमच्याकडे पाठ करून, वळणाकडे बघत उभी होती. शेजारीण पलीकडच्या बाल्कनीत होतीच.

हाक मारल्यावर ताई दचकून वळली. "अरे! गाडी कुठाय?"

मी तोंड उघडलं. शेजारीण बघत होती. काय बोलायचं ते सगळ्या रस्त्यात ठरवलं होतं आणि ऐनवेळी मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"ब्लोअर बंद पडलाय हो, ताई," माझी बायको मोठ्याने म्हणाली, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "नाहीतर हे ऐकणार होते का? पण यांचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे." आणि पिशवीतून डबा काढून आधी माझ्याच हातावर तिळगूळ ठेवला. जरा करपलेलाच होता. मी तिच्याकडे रागाने बघत तो सगळा खाल्ला.